आत्याच्या रेडिओचं बटण

नजर गेल्यापासून आत्याचं एकच मागणं होतं: रेडिओचं स्टेशन बदलायला कुणाला हाक मारावी लागू नये. चहा, चपला, औषधं, बाकी सगळ्याला ती हक्काने हाका मारायची. रेडिओ मात्र तिला स्वतःच्या हातात हवा होता. चिपचे प्रोग्राम लिहिणारी भाची घरात मीच. छाती पुढे काढून म्हटलं, "मी बनवते."

बनवलाही. मोठं गोल बटण, खटखट फिरणारं. त्याच्या पोटात एन्कोडर. बटण फिरलं की दोन तारांवर एकामागोमाग एक टिचकी येते. आधी कुठली तार बोलली, त्यावरून उजवीकडे की डावीकडे ते कळतं. टिचक्या मोजायचं काम माझ्या प्रोग्रामचं. मी टेबलावर हळूहळू फिरवून पाहिलं, सगळं झकास.

पण आत्या आयुष्यात कुठलंच काम हळू करत नाही. तिने गर्रकन फिरवलं आणि लागलं कुक्कुटपालन. पुन्हा फिरवलं, पुन्हा कोंबड्या. आठवडाभरात कोंबड्यांचे सगळे रोग तिला तोंडपाठ झाले, आणि नाटक ऐकायचं तर "अगं ए, ये गं जरा" चालूच.

"आत्या, जरा हळू फिरव ना."

"हळू फिरवायला मी काय तिजोरी फोडतेय?"

"तुझी बोटं थरथरतात, म्हणून..."

"माझ्या बोटांना नावं ठेवू नकोस. नाचता येईना, अंगण वाकडं!"

मला राग आला, कारण तिचं खरं होतं. प्रोग्राम दुसऱ्या कामात गुंतलेला असताना टिचक्या यायच्या नि मोजल्याविना निघून जायच्या. उपायही मला ठाऊक होता. चिपमध्ये टायमर नावाचा एक स्वतंत्र मोजणारा असतो. दोन्ही तारा त्याच्या ठरलेल्या दोन पिनांना जोडल्या की तो आपला मोजत राहतो, प्रोग्राम कुठे का अडकेना. पण त्यातली एक पिन मीच अडवून ठेवली होती, स्क्रीनच्या उजेडासाठी. त्या स्क्रीनवर मी घड्याळ काढलं होतं, दर सेकंदाला फुलासारखं उमलणारं, अंधार पडला की आपोआप मंद होणारं. प्रोग्राम गुंतायचा तोही तेच रंगवण्यात. जीव ओतला होता मी त्यात.

"आत्या, घड्याळ काढून टाकावं लागेल गं," मी रडवेल्या सुरात म्हटलं.

"कसलं घड्याळ?"

"रेडिओला स्क्रीन आहे ना, त्यावरचं."

"अगंबाई! छान दिसतं का?"

"खूपच."

"कुणाला?"

एवढं शिकून अक्कल कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे. आत्या पोट धरून हसायला लागली. मलाही हसू आलं, पण आधी भयंकर लाज वाटली.

स्क्रीन उपसून काढली, तारा टायमरच्या पिनांना सोल्डर केल्या. पहिल्याच फेरीत एका खटक्याला चार स्टेशनं उडाली, कारण हा पठ्ठ्या दोन्ही तारांवरचा प्रत्येक चढ आणि प्रत्येक उतार मोजतो. चाराने भागलं आणि रेडिओ आत्याच्या हाती दिला. तिने अगदी सूड घेतल्यासारखं बटण फिरवलं. बातम्या. मग गाणी. मग नाटक. एकही खटका चुकला नाही.

मी दाराशी घुटमळत राहिले.

"गेली नाहीस अजून?" आत्या म्हणाली. "जा बघू. ऐकू दे मला."

मी गेले. संध्याकाळपर्यंत रेडिओसाठी एकदाही हाक आली नाही. मला फार आनंद झाला, आणि दोनदा मीच उगाच तिच्या खोलीत डोकावून आले.