डाव्या हाताची टू-टू

माझा भाऊ रेनो त्या खिडकीतल्या खुर्चीतून उठावा आणि त्याने पुन्हा बंदूक हातात धरावी, एवढंच मला हवं होतं. बाकी जग गेलं खड्ड्यात.

मार्चमध्ये त्याचा उजवा डोळा गेला. म्हणजे कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. "लेम्पी, तुझ्याकडे पाहिलं की मधोमध नुसता धूर," तो म्हणाला. "आवाज मात्र खणखणीत येतो. माझं नशीबच फुटकं." हसला, आणि त्याच आठवड्यात त्याने रायफल तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवून दिली. नेमबाजीच्या क्लबात जाणं बंद. डोळा गेला तो गेला, पण हा माणूस ऐन चौऱ्याहत्तराव्या वर्षी म्हातारा झाला हो! त्याआधी झाला नव्हता. दिवसभर खिडकीशी बसायचा आणि पाखरं दाणे खातात ते बघायचा. मी समोरच राहते, रस्ता ओलांडला की त्याचं घर. सकाळी कॉफीला गेले की तो तिथे, दुपारी पास्टी, म्हणजे मांस-बटाट्याची भाजकी करंजी, द्यायला गेले की तो तिथेच. एकदा मी विचारलं, "तुला खुर्चीला खिळे मारलेत का?" तर म्हणाला, "मारले असतील. दिसत नाहीत."

आता डावा डोळा त्याचा चांगला होता. निदान मला तरी तसंच ठाऊक होतं. डाव्या डोळ्याने नेम धरायचा म्हणजे बंदूक डाव्या खांद्याला, चापावर डावं बोट, सगळंच उलटं. जन्मभराची सवय मोडायची तर हजारांनी गोळ्या उडवायला हव्यात. त्या हरणाच्या रायफलीतून कोण उडवणार? खांदा निखळेल आणि दिवाळं वाजेल. त्याला टू-टूच हवी, ती पॉइंट टू-टू बोअरची बारीक रायफल. तिची काडतुसं चिमुकली, बुडाच्या कडेवर टोला बसला की उडतात. दणका नाही, आवाज बेताचा, आणि मोठ्या रायफलीच्या एका गोळीच्या पैशात मूठभर येतात. आमच्याकडे पोरं टू-टूवर शिकतात आणि म्हातारे टू-टूवर हात राखतात.

पण रेनोला बंदूक आणून दिली असती तर त्याने ती माझ्या डोक्यात घातली असती. त्याला दया चालत नाही. म्हणून मी ताकाला जाऊन भांडं लपवलं. तीस वर्षं शाळेची बस चालवलीय मी. सरळ सांगून कोण ऐकतं आणि कुणाला गोड बोलून वळवावं लागतं, ते मला कळतं. मी डावखुरी आहेच. म्हटलं, "रेनो, मला टू-टू घ्यायचीय. डाव्या हाताची. दुकानात एकटी गेले तर पेल्की मला काहीतरी गळ्यात मारेल. चल."

तो खिडकीतून बाहेर बघत होता. "तुला? आता?"

"का? मला काय झालं?"

"काही नाही," म्हणाला, आणि उठून बूट शोधायला लागला. मी मनात म्हटलं, मासा लागला गळाला!

पेल्कीच्या दुकानात पुढे गांडुळं आणि गळ, मधे रबरी बूट, मागे बंदुका. पेल्कीने रेनोला पाहिलं आणि त्याचं तोंड एवढं उजळलं, पण शहाणा माणूस, डोळ्याबद्दल एक शब्द नाही. "काय देऊ?"

"माझ्या बहिणीला टू-टू. कागदावर मारायला."

पेल्कीने लगेच एक काळी, आपोआप भरणारी काढली. "दहा गोळ्या, टकाटक टकाटक. बायकांना आवडते."

"बायकांना?" मी म्हटलं. "तुझ्या बायकोला विचारून आलास का?"

"ही बंदूक नव्हे, बागेला पाणी घालायची नळी आहे," रेनो म्हणाला. "ही दहा उडवेल आणि एकीचाही विचार करणार नाही. बोल्टची दाखव. दर गोळीला हाताने बोल्ट ओढावा लागला की डोकं जागेवर राहतं."

बोल्टच्या सगळ्या उजव्या हाताच्या निघाल्या. पेल्की मागच्या खोलीत गेला, काहीतरी पाडल्याचा आवाज झाला, आणि तो एक जुनी घेऊन आला. अक्रोडाचा दस्ता, बोल्टची मूठ डावीकडे. नळीवर ओरखडा नव्हता. रेनोने ती घेतली, बोल्ट मागे-पुढे केला, नळीचं तोंड बोटाने चाचपलं, आणि किती दिवसांनी त्याच्या तोंडावर ते आलं, गाय विकत घेताना माणसाच्या तोंडावर येतं ना, ते. मी गांडुळांकडे बघत राहिले.

"इकडे ये. डोळे मीट. खांद्याला लाव. गाल टेकव. आता उघड."

उघडले. समोर नळीची अर्धीमुर्धी काळी कड दिसत होती.

"मान ताणतेस. दस्ता लांब पडतो तुला," तो म्हणाला. "पेल्की, इंचभर काप."

रेनोचे हात म्हणजे वल्ही. माझ्या मापाने कापली तर त्याला ती खेळण्यासारखी होणार. "राहू दे की," मी म्हटलं. "मी हात लांब करीन."

पेल्की खो खो हसला.

"हात लांब करणारेय," रेनो म्हणाला. "काप."

"चांगलं लाकूड आहे, रेनो. पाप लागेल."

"लाकूड बंदुकीसाठी असतं. काप म्हटलं ना."

वाद घालून माझंच सोंग उघडं पडलं असतं. पेल्कीने ती मागे नेऊन करवत चालवली. कापलेला तुकडा तो कचऱ्यात टाकणार तोच मी मागून घेतला. पुढेमागे डकवता येईल म्हणून. "चुलीला होईल," असं काहीतरी बोलले.

मग रेनोने छोटी दुर्बीण बसवायला लावली ("वय झालंय तिचं, नळीच्या टोकावरच्या नुसत्या माशीवर नेम धरायची नाही"), आणि काडतुसांच्या पाच-सहा जातींचा एकेक डबा घेतला. पेल्कीने सगळ्यात महागडी पुढे केली. "आधी नळीला विचारू," रेनो म्हणाला. "काही नळ्यांना स्वस्तच गोड लागतं. जी आवडेल ती मग पेटीभर ने."

घरी येताना गाडीत तो बोलत होता. बोल्ट कसा पुसायचा, श्वास कुठे थांबवायचा, रिकाम्या टू-टूचा चाप का ओढायचा नाही. म्हणे आतली सुई नळीच्या कडेवर आपटते आणि काडतूस बसतं त्या भोकाची कड बिघडते. मी हूं हूं करत गाडी चालवत होते आणि माझ्याच हुशारीवर खूश होते.

शनिवारी वाळूच्या खड्ड्यावर गेलो. आमच्या गावची सगळी माणसं तिथेच मारतात, मागे वाळूची उंच दरड आहे. तमारॅकची झाडं पिवळी झाली होती, वारा नव्हता. मी पंचवीस यार्डांवर खोक्याचा पुठ्ठा उभा केला, कागद डकवला. टेबलावर वाळूची पिशवी. रेनो बादली पालथी घालून शेजारी बसला, तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीला डावा डोळा लावून.

माझा बेत साधा होता. मी मुद्दाम वाईट मारायचं. रेनोला वाईट नेमबाजी बघवत नाही, एखाद्याला भाकरी जळताना बघवत नाही तसं. तो चरफडणार, चरफडणार, आणि शेवटी म्हणणार, "आण ती इकडे!" आणि एकदा डाव्या खांद्याला लागली की मग काय, सुटायची नाही.

पहिली वर मारली. दुसरी उजवीकडे, पार कागदाच्या कोपऱ्यात. तिसरी खाली.

त्याने दुर्बिणीचं चाक जरासं फिरवलं.

"जमत नाही बाई मला!" मी म्हटलं.

"काडतूस बदल."

बदललं. पुन्हा एक डावीकडे, एक वर, एक पुठ्ठ्यामागच्या टेकूच्या लाकडात. मी चांगला जोरात उसासा टाकला. तो तसाच दुर्बिणीला डोळा लावून. मला तर शंका यायला लागली की झोपला की काय. आणखी दोन उडवल्या, भलतीकडेच.

"थांब," तो म्हणाला. "बोल्ट उघडा ठेव. खाली ठेव ती."

मी ठेवली.

"चाप झटकणारा माणूस खाली मारतो. दर वेळी खाली. डोकं उचलणारा वर मारतो. घाबरणारा जिथे घाबरतो तिथेच मारतो, पण एकाच ठिकाणी, लेम्पी. तू चारी दिशांना मारतेयस. असं चुकायला फार चांगला नेम लागतो."

माझे कान तापले.

"तुकडा पिशवीत घातलास तेव्हाच कळलं होतं मला," तो म्हणाला. "त्याच्याही आधी. बूट घालतानाच."

"मग आलास कशाला?" मी ओरडलेच. "कळलं होतं तर आलास कशाला, म्हाताऱ्या? आणि कापायला का लावलास? तुझ्यासाठी घेतली मी ती! तुझ्या डाव्या खांद्यासाठी! मेल्या, सहा महिने त्या खुर्चीत कुजतोयस, माझ्याने बघवत नाही! मेलेल्या माणसाला कॉफी द्यायला येते मी रोज!"

तो चिडेल असं मला वाटलं. चिडला नाही. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"जूनमध्येच मी डाव्याने मारून पाहिलं," तो म्हणाला. "तू चर्चच्या सहलीला गेली होतीस तेव्हा. गोळी चांगली बसत होती गं. मी म्हटलं, नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला सगळ्यांना तोंडात बोटं घालायला लावतो. मग ऑगस्टमध्ये तुझ्या दाराच्या चौकटीला पोक आलं."

"कुठल्या चौकटीला? चौकट चांगली आहे माझी."

"तेच म्हणतोय मी. चौकट चांगली आहे."

मला कळायला जरा वेळ लागला. मग कळलं आणि मी टेबलाची कड घट्ट धरली.

"डॉक्टर म्हणाला, डाव्यातही तसंच सुरू झालंय. वर्ष म्हणाला. जास्तही जाईल म्हणाला, पण ते बोलताना कागदाकडे बघत होता."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगून तू काय केलं असतंस? पास्टी आणली असतीस."

मी रडायला लागले. शिव्या देत रडायला लागले, कारण मला दुसरं रडता येत नाही. त्याला, डॉक्टरला, त्या बिचाऱ्या चौकटीला. तो वाट बघत बसला.

"ऐक आता," तो म्हणाला. "लहानपणी बाबांनी तुला माझी उजव्या हाताची बंदूक दिली, तू चार गोळ्या उडवल्यास आणि ते म्हणाले, हिला जमत नाही. मी बाजूलाच उभा होतो. मला दिसत होतं की बंदूक उलटी आहे, पोरगी नाही. पण मी बोललो नाही, म्हटलं बरं झालं, माझ्या वाट्याला गोळ्या जास्त. तू म्हणालीस तुला टू-टू हवी, तेव्हा मला वाटलं, आता तरी हिच्या मापाची घेऊ. खोटं तू बोललीस, मी नाही. मी पेल्कीला खरंच सांगितलं. माझ्या बहिणीला हवी म्हणून."

मी कापलेल्या दस्त्यावरून तळवा फिरवला.

"मला जे येतं ते हातात नाही, डोक्यात आहे. ते तुला देऊन टाकायचंय. पण तू कुठे मारतेस ते मला दिसतंय तोवरच. म्हणून सोंग पुरे. नवा कागद लाव."

मी जाऊन नवा कागद लावला. परत आले, बाहीने नाक पुसलं, पाच काडतुसं भरली, ती स्वस्तातली. गाल टेकवला. मान ताणावी लागली नाही. बाई गं, सगळं आपसूक जागेवर आलं, जणू कुणाची तरी खूप दिवस वाट बघत होतं. अर्धा श्वास सोडला. चाप कधी सुटला ते कळलंच नाही. बोल्ट, पुन्हा. पाचही मारल्या.

रेनो दुर्बिणीशी होता.

"कुठे गेल्या?" मी विचारलं. "रेनो?"

त्याने डोळा पुसला, पुन्हा लावला. "मघाशी लांब लांब होत्या त्या दिसल्या," तो म्हणाला. "आता एकच काळं काहीतरी दिसतंय. हलतंय. तू जाऊन बघ."

गेले. चार गोळ्या पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत, भोकं एकमेकांत घुसलेली. पाचवी त्यांच्या खाली, जरा सुटी. कागद काढून तसाच आणला आणि त्याच्या हातात दिला.

त्याने तो डोळ्याजवळ नेला नाही. गुडघ्यावर टोपीवर पसरला आणि अंगठ्याने हळूहळू चाचपत गेला. अंगठा त्या भोकात अडकला, तिथे तो थांबला. मग खाली सरकून पाचवं सापडलं.

"ही शेवटची," तो म्हणाला. "श्वास सोडून टाकलास पुरता. भर परत."