धोंडाबाईची खूण

ललितचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. त्या लग्नात फोटो काढणारा ललितच्या धाकट्या बहिणीला, तेजलला, सारखं सांगत होता, "ताई, जरा उजवी बाजू इकडं करा." तेजलच्या डाव्या गालावर, डोळ्याखालून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, जन्मापासून निळसर काळा डाग होता. लग्नाचा मांडव उतरला त्या दिवशी ती म्हणाली, "आजी, मी नाशकाला जाऊन लेझर करून घेणार. पण तू सोबत आलीस तरच."

आजीनं, वत्सलाबाईनं, झटकन नातीच्या डागावर तळवा ठेवला.

हरसूलच्या त्या घरात एक जुनी रीत होती. माणूस गेलं की तव्याच्या काजळीचं बोट त्याच्या अंगावर ओढायचं. ते परत त्याच घरात जन्माला आलं तर ओळख पटावी म्हणून. सासू धोंडाबाई गेली तेव्हा तिच्या डाव्या गालावर वत्सलाबाईनंच बोट ओढलं होतं, आणि रडता रडता काजळी जरा जास्तच फासली गेली होती. वर्षाच्या आत तेजल जन्मली ती डाव्या गालावर डाग घेऊन. तेव्हापासून ही नात म्हणजे सासूच. तव्यावरची पहिली भाकर तिला. ती रागावली की म्हातारी डोक्यावर पदर घेई. तेजलही काही कमी नव्हती. "सूनबाई, चहात साखर घातली का नुसती दाखवली?" असं विचारी.

आता खूणच पुसली तर धोंडाबाई राहील कशी? आईविना आलेल्या सुनेला जिनं लेकीसारखं न्हाऊ घातलं, तिला दुसऱ्यांदा घालवायची?

पोरीचं मन मोडवेना म्हणून म्हातारी निघाली खरी, पण एक डाव करूनच. एसटीत तेजलला डुलकी लागली, तशी पदराच्या गाठीतली काजळी तिनं डागावर हलकेच चोळली. रंग दुप्पट भरला की मशीनला पुरून उरेल, अशी तिची अटकळ.

गंगापूर रोडच्या दवाखान्यात डॉक्टर उज्वलांनी ओला कापूस गालावरून फिरवला. कापूस काळाकुट्ट. नर्स लताबाई ओरडली, "अगं बाई! मॅडम, मशीन लावायच्या आधीच डाग निघाला!"

तेजलनं मान वळवली. "सूनबाई, हात दाखवा."

वत्सलाबाईनं हात पदराखाली लपवला. मग सगळंच सांगून टाकलं. "डागासंगं त्या जातील वो, बाई. मग मी आत्याबाई कुनाला म्हनू?"

डॉक्टर हसल्या नाहीत. खुर्ची ओढून जवळ बसल्या. "आजी, मशीन रंग खरवडत नाही. कातडीच्या आत रंगाचे कण असतात, त्यांचा उजेडानं भुगा होतो. तो भुगा शरीरच हळूहळू उचलून नेतं. आतल्या आत."

"भाईर नाय पडत?"

"गालावरून तर नाही पडत."

 म्हातारीचा चेहरा फुलला. "आस्सं! म्हंजी आत्याबाई पडवीतून मधल्या घरात गेल्या! वय झालं की मानसानं आतच निजावं. लावा बाई मशीन. पन जरा दमानं, लय म्हाताऱ्या हायेत त्या."

लताबाईनं हसत हसत तेजलच्या डोळ्यांवर झाकण्या बसवल्या. टक् टक् सुरू झालं. रबर ताणून सोडल्यासारखे चटके बसू लागले. तेजल कळवळली, तशी वत्सलाबाई तिचे पाय दाबत बसली. "झालं, आत्याबाई, उंबरा वलांडला बघा!"

दोन-अडीच महिन्यांच्या अंतरानं अशा सहा खेपा झाल्या. गालाला ऊन लागू द्यायचं नव्हतं, म्हणून आजी नातीवर छत्री धरून हरसूलच्या बाजारातून चाले.

"कुठली राणी चालली, वत्सलाबाई?" बायका चिडवत.

"राणी नाय, सासू हाय माझी. सरका बाजूला!"

गाल उजळला. डोळ्याखाली पुसट सावली तेवढी राहिली. तेजल समोरून येणाऱ्याकडे सरळ बघत चालू लागली, आणि छत्री धरणारीची मान तिच्याहून ताठ असे.

वत्सलाबाई दोन हजार पंचवीसच्या मार्गशीर्षात, गुरुवारी सकाळी, अंगणात ऊन खात बसल्या जागी वारली. चौऱ्याहत्तर वर्षांची होती.