भट्टीतला ड्रोन आणि सेफ साइड

नवीन मशीन आणायचं, त्याला झेंडूचा हार घालायचा, फोटो काढायचे आणि मग काम जुन्याच पद्धतीनं करायचं, याला सुधन्वाकाका ‘टेक्नॉलॉजी इंडक्शन’ म्हणतात. मी याला दुसरं काहीतरी म्हणते, पण आईनं ते लिहायचं नाही असं सांगितलंय.

आई तेलकंपनीत तपासणी इंजिनियर आहे. एरवी दिल्लीच्या हेड ऑफिसात बसते, आम्ही दिल्लीतल्याच द्वारकेत राहतो, सगळं नॉर्मल. पण दर चार वर्षांनी दिल्लीबाहेरच्या हायवेवरची रिफायनरी महिनाभर बंद करतात, आतून साफ करतात, तपासतात, दुरुस्त करतात. तो शटडाऊन. तेव्हा आईचा मुक्काम तिथल्या टाउनशिपच्या गेस्ट हाउसमध्ये. या वेळी बाबा टूरवर आणि मला विंटर ब्रेक, म्हणून मीही तिच्याबरोबर गेले.

आईचं काम फर्नेसमध्ये. फर्नेस म्हणजे कच्चं तेल तापवायची भट्टी. पाचेक मजली उंच, आतून पोकळ, भिंतींना खालपासून वरपर्यंत पाईपच पाईप. त्यातला एखादा फुगलाय का, वाकलाय का, हे बघायला आतमध्ये लोखंडी पाईपांची आणि फळ्यांची परांची बांधतात आणि तिच्यावर माणूस चढतो. मागच्या शटडाऊनला आई चढली होती. पायाखालची फळी सरकली आणि ती कमरेच्या पट्ट्यावर लोंबकळत राहिली. पट्टा होता म्हणून आई आहे. पण डावा हात खांद्याच्या वर जात नाही तेव्हापासून.

म्हणून तीन वर्षं ती एकच गोष्ट मागत होती: ड्रोन. जाळीच्या गोळ्यात बसवलेला, अंधारात उडणारा, पाईपाच्या जवळ जाऊन फोटो काढणारा. माणसानं चढायलाच नको. तीन वर्षं प्रेझेंटेशनं दिली. शेवटी ड्रोन आला. त्याला उडवणारा मानसही आला. आईनं सांगून ठेवलं होतं, एक नंबरच्या फर्नेसमध्ये परांची बांधलीय ती बांधलीय, पण दोन नंबर मोकळी ठेवा, तिथे उडवू.

मग सुधन्वाकाका आले. ते आईचे बॉस. दिल्लीच्या मराठी मंडळात गणपतीची आरती फार जोरात म्हणतात, तेवढ्यावरच त्यांचं प्रमोशन झालं असं माझं मत आहे. सकाळी गेस्ट हाउसमध्ये पोहे खाता खाता म्हणाले,

“हेमांगी, डेमो एक नंबरमध्ये करू या हं.”

आईचा चमचा थांबला. “सर, तिथे परांची आहे आतमध्ये. ड्रोन अडकेल.”

“अगं, छोटासा तर आहे. निघेल बाजूनं.”

“दोन नंबर रिकामी आहे ना.”

“बिल्कुल आहे. पण तिथपर्यंत डायरेक्टर साहेबांची गाडी जात नाही. चिखल आहे. रिबन कापायला साहेबांनी चिखलातून यायचं?”

“मग एक नंबरमधली परांची काढा.”

“काढून कसं चालेल? ड्रोन नाही चालला तर? सेफ साइड असू दे ना. नवीन पण हवं आणि जुनं पण.” मग ते आवाज खाली आणून, फार मायेनं बोलले. “आणि बघ, आज नाही जमलं तर उद्या तू चढशीलच. तुझ्यासारखी नजर आहे कुणाची? चढवत नसेल तर फाइलींचं टेबल आहेच तुझ्यासाठी.”

म्हणजे बघा. ड्रोन आणला परांची टाळायला, आणि परांची ठेवली ड्रोनला सांभाळायला. आणि दोघांच्या मध्ये माझी आई. चढ, नाही तर टेबलावर बस. वीस वर्षं भट्ट्या वाचणाऱ्या बाईला टेबल!

मी पोह्यांत लिंबू इतकं पिळलं की बी पण बाहेर आली.

“ही कादंबरी ना?” काका माझ्याकडे वळले. “डिबेटमध्ये पहिली आलीस म्हणे. आज अँकरिंग कर. आमच्या अँकरचा घसा बसलाय. मी लिहिलंय सगळं, फक्त वाचायचं.”

कागदावर लिहिलं होतं: ‘आज हम इतिहास के साक्षी बनने जा रहे हैं।’ मी म्हटलं, चलो, बनूया.

धुक्यामुळे डायरेक्टर साहेब उशिरा आले. एक नंबर फर्नेसपाशी त्यांची गाडी दोन मिनिटं थांबली, रिबन कापली, ड्रोनला हार घातला, फोटो झाला, आणि साहेब तिथून थेट टाउनशिपच्या ऑडिटोरियममध्ये. बाहेर थंडी होती आणि आत हीटर होते. फर्नेसपाशी राहिले फक्त आई, मानस आणि ड्रोन. आम्ही सगळे मोठ्या पडद्यावर बघणार, आईचा आवाज स्पीकरवर येणार आणि आमच्या माईकवरचं तिला तिकडे ऐकू जाणार.

मी इतिहासाचं वाक्य म्हटलं. टाळ्या झाल्या. ड्रोन आत शिरला.

पडद्यावर आधी अंधार, मग दिव्याचा झोत, मग पाईप. भट्टीचे नव्हे, परांचीचे. आडवे, उभे, तिरके, जिकडे बघावं तिकडे. ड्रोन एकाला आपटला, मागे आला, दुसऱ्याला आपटला. एखादी माशी जाळीच्या खिडकीत घुमते तसा. मग दोन पाईपांच्या बेचक्यात जाऊन बसला आणि पडद्यावर फक्त एक लाकडी फळी दिसत राहिली. अगदी क्लोज-अप. फळीवर कुणीतरी खडूनं बाण काढलेला होता.

“मॅडम, फसला,” मानसचा आवाज आला.

 आईचा श्वास स्पीकरवर ऐकू आला.

सुधन्वाकाका कसे उठले सांगू? लग्नात जेवणाची पंगत मांडली असं कळल्यावर माणूस उठतो तसे. माझ्या बाजूचा दुसरा माईक घेतला. “सर, तकनीक अच्छी है, लेकिन अभी परिपक्व नहीं है। इसलिए हमने पारंपरिक व्यवस्था तैयार रखी थी। इस बार निरीक्षण उसी से होगा। ड्रोन अगले शटडाउन में ज़रूर देखेंगे।”

पुढचा शटडाऊन म्हणजे चार वर्षांनी. उद्या आई चढणार. आणि लोक टाळ्या वाजवत होते, खरंच, दूरदर्शीपणाबद्दल!

माझ्या कागदावर पुढचं वाक्य होतं, ‘आइए, ज़ोरदार तालियों से...’ मी कागद उलटा केला.

“सर, एक सवाल,” मी डायरेक्टर साहेबांकडे बघत माईकवर म्हटलं. “ड्रोन इसलिए लिया था ना कि अंदर मचान न बाँधनी पड़े? तो फिर अंदर मचान क्यों है?”



“कादंबरी, माईक खाली ठेव,” आईचा आवाज स्पीकरवरून अख्ख्या हॉलभर पसरला.

“बच्ची है, सर,” काका हसत म्हणाले. दात सगळे दिसले, डोळे हसले नाहीत.

“दो नंबर फर्नेस ख़ाली है, सर,” मी माईक धरूनच ठेवला. “वहाँ मचान नहीं है। बस कीचड़ है, इसलिए आपकी गाड़ी नहीं जाती।”

साहेबांनी काकांकडे बघितलं. मग घड्याळाकडे. मला वाटलं, आता चौकशी होईल, कुणाला तरी झापतील. पण कसलं काय. यांच्याकडून तेवढीही अपेक्षा करू नये.

“तो वहाँ उड़ा लीजिए,” साहेब म्हणाले. “हमें थोड़े ही जाना है। खाना लग गया?”

“लग गया, सर!”

झालं. तीन वर्षांच्या प्रेझेंटेशनांनी जे झालं नाही ते साहेबांच्या भुकेनं झालं. अर्ध्या मिनिटात हॉल रिकामा. इतिहासाचे साक्षी छोले-पनीरच्या रांगेत उभे राहिले. काका जाता जाता माझ्याजवळ वाकून म्हणाले, “फार बोलतेस हं तू.” मी म्हटलं, “काका, पहिलं बक्षीस त्याचंच मिळालं होतं.”

मी एकटीच पहिल्या रांगेत, साहेबांच्या सोफ्यावर बसले. बऱ्याच वेळानं पडदा उजळला. मानसनं परांचीतून ड्रोन काढून दोन नंबरला नेला होता. या वेळी आत शिरल्यावर कशालाच आपटला नाही. सरळ वर गेला, एकेका पाईपाजवळ थांबत, भिंत उजळत. इतकं स्वच्छ दिसत होतं की पाईपावरची काजळी बोटानं पुसावीशी वाटली.

“अजून वर,” आई म्हणाली. तिचा सकाळचा आवाज वेगळा होता, हा वेगळा. “डावीकडे घे, मानस. थांब. मागे ये जरा. हा... हा बघ.”

अगदी टोकाला, छताजवळ, एक पाईप इतरांपेक्षा जाड दिसत होता. अजगरानं काहीतरी गिळावं तसा मधेच फुगलेला.

“हॉलमध्ये कोणी आहे का?” आईनं विचारलं.

“मी आहे,” मी माईकवर म्हटलं.

“बाकीचे?”

“जेवतायत.”

ती हसली. “जा, सुधन्वा सरांना बोलावून आण. म्हणावं, दोन नंबरमधला एक पाईप बदलावा लागणार आहे, आणि तो मला खुर्चीवर बसून दिसलाय.”

मी माईक हातात घेऊनच जेवणाच्या हॉलमध्ये गेले. काकांच्या तोंडात अख्खा गुलाबजाम होता.