आढ्यावरचं साल

"दुरुस्तीचा फोटो असेल हो हा," म्हणत अभिलेख विभागाच्या प्यो साहेबांनी वर्तमानपत्राचं कात्रण माझ्याकडे परत सरकवलं.

"दुरुस्तीत नवं आढं चढवत नाहीत, साहेब. इथे आढ्यापुढे पूजेला डुकराचं डोकं मांडलंय, सुतार दारू शिंपडतायत. खाली लिहिलंय बघा, युद्धात जळालेली शाळा गावकऱ्यांनी पुन्हा उभारली. १९५८."

"अहो ताई, मंगळवारी एकशेविसावा वाढदिवस आहे इमारतीचा. कुलगुरूंचं भाषणसुद्धा तयार आहे. आणि तुम्ही तिला एकदम साठीत आणून बसवताय! एकदा आमच्या घरी येऊन बायकोचंही वय निम्मं करा, खूश होईल."

मला हसू आलं नाही. बाबांना जाऊन अजून सुतकाचे एकोणपन्नास दिवसही व्हायचे होते.

माझे बाबा, योम हाकग्यू, याच विभागात चौतीस वर्षं कारकून होते. धरणात जाणाऱ्या एका गावातून ही शाळेची इमारत सुटी करून विद्यापीठात आणली, त्याच्या दुसऱ्या वर्षी ते नोकरीला लागले. गाव पांगलेलं, विचारायला कोणी नाही. शिडीवर चढून त्यांनी आढ्यावरची अक्षरं उतरवून घेतली : 'मुसुल संवत्सर, तिसरा महिना.' मुसुल दर साठ वर्षांनी फिरून येतं. बाबांनी आधीचं धरलं, १८९८. तेच विद्यापीठाच्या इतिहासाच्या पुस्तकात छापलं, तेच दारावरच्या पितळी पाटीवर आलं.

निवृत्तीनंतर हे कात्रण त्यांच्या हाती लागलं. मग त्यांनी विद्यापीठाला अकरा पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

बारावं मी पर्समधून काढलं. ते पाठवायचं राहून गेलं होतं.

'चूक माझी आहे. १८९८ लिहा, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. इमारत जपानी राजवट येण्याआधीची असावी, असं मलाच वाटत होतं. ज्यांनी ती खरोखर बांधली, त्यांचे हात मी पुसून टाकले.'

साहेबांनी चष्मा काढला. पत्र घडी करून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं.

"साल बदलू," शेवटी ते म्हणाले. "भाषणाचं बघतो मी. नव्या आवृत्तीत चार ओळी घालू. पण नाव नको. 'पूर्वीच्या नोंदीतला गैरसमज' म्हणू. गेलेल्या माणसाला कशाला..."

"त्यांनी स्वतः लिहिलंय, साहेब."

"ताई, नोकरीला लागलो तेव्हा जुने कागद कसे हाताळायचे ते मला त्यांनीच शिकवलं. जुन्या पुस्तकावर कुलगुरूंचं नाव होतं, योम साहेबांचं कुठेच नव्हतं. आता छापलं तर सगळ्या इतिहासात त्यांचं नाव एवढ्या एकाच जागी येईल. चुकीपाशी."

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. खिडकीबाहेर कोणीतरी समारंभाच्या खुर्च्या मांडत होतं. एक खुर्ची उलटी पडली, त्याने ती सरळ केली.

"येऊ दे," मी म्हणाले.

"मग वारसाची संमती लागेल."

त्यांनी संमतीपत्रावर बाबांचं नाव लिहून ते पुढे केलं. मी सहीच्या जागी उमटवायचा माझा शिक्का काढला. साहेब उठून उभे राहिले आणि कागद हलू नये म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. मी शिक्का लाल शाईत टेकवला, बाबांच्या नावाशेजारी ठेवला आणि दाबला. उचलायला जरा वेळ लागला.