दुसरी साक्ष

मारिसोल इबाराने तेवीस वर्षं सिडनीच्या टीव्हीवर बातम्या काढल्या आणि एकच नियम पाळला: दोघांनी सांगितल्याशिवाय काहीही खरं नाही. या नियमापायी तिने एकदा एका मंत्र्याच्या राजीनाम्याची बातमी तीन तास अडवून धरली होती. मंत्री तोवर घरी जाऊन झोपलाही होता.

मग तिने नोकरी सोडून कादंबरी लिहायला घेतली आणि शेवटच्या प्रकरणाला येऊन अडली. त्यात आई मरते, चिलीतल्या टेकडीवरच्या घरात. मारिसोलची आई तशीच गेली होती, आणि मारिसोल तेव्हा इथे सहाचं बुलेटिन सांभाळत होती. आई शेवटी काय बोलली ते ऐकायला तिथे कुणी नव्हतं. उद्या प्रकरण दिलं नाही, तर प्रकाशक पुस्तक काढणार नव्हता.

"अगं, कादंबरी आहे ती. दे ठोकून," तिची जुनी एडिटर चित्रलेखा फोनवर म्हणाली. "वेंटवर्थव्हिलला ये, डोसा खाऊ."

क्वेकर्स हिलहून मारिसोलची ट्रेन सुटली. दुपारचं ऊन मांजरासारखं मांडीवर येऊन बसलं. ब्लॅकटाऊननंतर खिडकीबाहेर समुद्र लागला. इथे समुद्र नाही, हे मारिसोलला दोघांनी सांगितलेलं होतं. समोरच्या सीटवर आई मटार सोलत होती.

"शेवटी काय म्हणालीस गं?"

"चहा निवला, म्हणाले."

"एवढंच?"

"तू असतीस तर जरा बरं काहीतरी बोलले असते."

जाग आली तेव्हा वेंटवर्थव्हिल मागे पडून पॅरामॅटा आलं होतं. उलट ट्रेन पकडून ती परत आली आणि डोशाच्या टेबलावरच तिने पान लिहून काढलं. मग पेन खाली ठेवलं.

"साक्षीदार एकच. तोही मेलेला. नाही चालणार."

चित्रलेखाने पान वाचलं. डोसा निवला.

"मी त्याच डब्यात होते," ती म्हणाली. तासभर ती या टेबलावरून हलली नव्हती. "टरफलं पर्समध्ये भरत होती बाई."

मारिसोलने जुन्या सवयीने तिच्याकडे रोखून पाहिलं. "पर्स कुठल्या रंगाची?"

"हिरवी. चेन तुटलेली."

आईकडे जन्मात पर्स नव्हती. मारिसोलने पेन उचललं आणि 'हिरवी' असं लिहून घेतलं.