पोस्टरचा न्याय

२००३ साली इस्रायलमध्ये, ओफाकिम गावाजवळ भोपळी मिरचीच्या शेतावर मी मुकादम होतो. तोडणीला थायलंडची माणसं. त्यातल्या नोई आणि प्राचाची एक पोस्टर कोणाचं, यावरून जुंपली. त्यावर त्यांच्या थाई टीव्ही मालिकेतली लाडकी जोडी होती. पडद्यावर नवरा-बायको, आणि नोई-प्राचा म्हणत, खरोखरही त्यांचं जमलंय.

नोईने प्राचाचा ओठ फोडला. प्राचाने त्याचं डोकं क्रेटवर आपटलं. मी मधे पडून पोस्टर हिसकावलं. रेवदंड्याचे आजोबा शलमोन राजाचा न्याय सांगायचे (एका बाळासाठी दोघी भांडल्या, राजा बाळ कापायला निघाला, तेव्हा खरी आई म्हणाली, नको, तिलाच द्या), तो नेमका तेव्हाच आठवला मला गाढवाला! सुरा काढून नायक-नायिकेच्या मधोमध धरला. "अर्धं अर्धं करतो!" ज्याचं प्रेम खरं, तो म्हणेल, फाडू नका, त्या दुसऱ्यालाच द्या.

असं कोणीच म्हणालं नाही. दोघेही माझ्यावर तुटून पडले. प्राचाने मनगट पिरगळून मोडलं, नोईने तोंडावर क्रेट हाणला. दोन दात गेले.

"मेलो रे, अँब्युलन्स बोलवा!" मी मातीत पडून मराठीतच बोंबलत होतो. शेजारी ते दोघे गुडघ्यांवर बसून, एकाच फडक्याने, नायिकेच्या गालावरचं माझं रक्त हळूच टिपत होते.