पिसांची पिशवी

सोलापुरात थंडी म्हणजे सकाळी सहाला उठून पंखा तीनवरून एकवर आणायचा, एवढंच. डिसेंबरात चार दिवस लोक कानाला मफलर गुंडाळून हिंडतात, तेही थंडीपेक्षा हौसेनं. अशा गावात वाढलेली दानेश्वरी जानेवारीत उत्तराखंडात जाऊन बर्फात तंबू ठोकणार आणि त्यात पाच रात्री झोपणार, हे ऐकल्यापासून तिच्या आईचा, हेमावतीचा, जीव थाऱ्यावर नव्हता.

तिथं पारा उणे दहापर्यंत जातो म्हणे. उणे दहा म्हणजे केवढं, असं हेमावतीनं विचारलं. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात हात घालून बघ, असं लेकीनं हसत सांगितलं आणि ती लॅबमध्ये कामाला निघून गेली. सांगणारी विसरली, पण ऐकणारी विसरली नाही. त्या दिवसापासून हेमावती भाजी चिरता चिरता उठायची, कप्पा उघडायची आणि बर्फाच्या भांड्याशेजारी हात ठेवून आकडे मोजायची. साठाच्या वर एकदाही गेली नाही. आणि पोरगी तिथं पाच रात्री काढणार.

ज्या घरातली माणसं पांघरुणावर जगतात, त्या घरात ही काळजी जरा जास्तच बोचते. तिचे यजमान राजशेखर यांचं नव्या पेठेत चादरींचं दुकान. आणि हेमावतीची कौदी, म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर देऊन शिवलेली गोधडी, अक्कलकोटापर्यंत नावाजलेली. भावकीत मूल जन्मलं की पहिली कौदी तिच्या हातची. तिचा टाका तांदळाएवढा. टाका जेवढा दाट तेवढी ऊब धरते, हे ती भावकीतल्या सुनांना, शेजारणींना आणि न विचारणाऱ्यांनाही सांगत आली होती.

पण बर्फात कौदी चालत नाही. तिथं स्लीपिंग बॅग लागते, आणि ती रामहरीच्या दुकानात मिळते. रामहरी मूळचा जेऊरचा. होटगी रोडला तंबू, पाठपिशव्या असलं सामान विकायचा आणि वर्षातून दोनदा लोकांना डोंगरात घेऊन जायचा. दानेश्वरी, घरातली दानू, त्याच्याच गटातून जाणार होती. त्याच्याकडं भाड्यानंही बॅगा होत्या, पण दुसऱ्यांच्या घामाच्या पिशवीत आपली मुलगी झोपायची नाही, हे हेमावतीनं पायरी चढायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

रामहरीनं दोन बॅगा काउंटरवर टाकल्या. एक जाडजूड, कृत्रिम धाग्यांनी भरलेली. दुसरी निळी, एवढीशी, फुग्यासारखी हलकी. राजशेखरांनी दोन्ही तळहातांवर जोखल्या आणि जाड बॅग पसंत केली. तीस वर्षं चादर वजनावर पारखलेला माणूस तो, जे हाताला लागतच नाही त्याला पांघरूण म्हणायला तयार होईना. रामहरीनं समजावलं की जाड बॅग उणे दहाला पुरायची नाही, शिवाय ती पाठीवर घेऊन चढायचं आहे. निळीत बदकाच्या छातीवरची मऊ पिसं आहेत, ऊब तीच धरतात.

हेमावतीनं निळ्या बॅगेवरचा हात झटकन मागं घेतला. त्यांच्या घरात अंडं कधी उंबरा ओलांडून आलेलं नव्हतं. आणि लिंगायताची, गळ्यात इष्टलिंग असलेली पोरगी मेलेल्या पाखराच्या पिसांत शिरून झोपणार?

दानूनं वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "अव्वा, तुला नको असेल तर नको. मी जाड घेते, आत दोन स्वेटर घालते."

झालं. आता पोरगी गारठली तर ते आईच्या हट्टापायी, असं ठरलं. चार दिवस हेमावती घरात नुसती येरझाऱ्या घालत होती. पूजेला बसली की डोळ्यांपुढं बदकं यायची, फ्रीज उघडला की पोरीचे निळे ओठ. स्वयंपाकात दोनदा मीठ विसरली, एकदा तिप्पट पडलं. राजशेखर मुकाट्यानं जेवले, यावरून त्यांनाही काय चाललंय ते कळलं असावं.

पाचव्या दिवशी ती एकटीच रिक्षा करून होटगी रोडला गेली. निळ्या बॅगेत कोपरापर्यंत हात घातला आणि तशीच उभी राहिली. थोड्या वेळानं हाताभोवती ऊब जमायला लागली, अंगावर घेतलेल्या बाळाची असते तशी. रामहरीला तिनं ती बांधून द्यायला सांगितलं. संध्याकाळी बॅग लेकीच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "पापाचं मी बघते. तू गारठू नको."

दानूनं आईला मिठी मारली. गोष्ट इथं संपली असती तर सगळेच सुखी झाले असते.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी हेमावतीनं बॅग उजेडात धरून पाहिली. आतली पिसं एका कडेला सरकली होती. दोन शिवणींमधल्या कप्प्याचा अर्धा भाग नुसतं कापड. शिवणीतून एक पीस डोकावत होतं. ज्या कौदीतला थर सरकतो ती कौदी वाया गेली, हे तिला लहानपणापासून ठाऊक. शिवणाऱ्यानं अंगचोरी केली, वीतभर अंतरानं टाके घातलेत, आणि रात्री पोरीच्या पाठीखाली नेमकं रिकामं कापड यायचं! तिनं सुई ओवली.

दानू कामावर गेली की ती बसायची. पांढरा दोरा, ओळीला लागून ओळ, आरपार. आठ दुपारी लागल्या. त्या आठ दुपारी तिला जरा स्वस्थता होती. फ्रीजकडं ती फिरकलीसुद्धा नाही. शेवटी बॅगेची चपटी, घट्ट घडी घालून तिनं ती पिशवीत ठेवली. लेकीला सांगितलं नाही. तिथं गेल्यावर कळेल, आईचा हात लागलाय.

सोमवारी पहाटेची गाडी. रविवारी सकाळी दानूनं सामान भरताना बॅग बाहेर काढली आणि फुगण्यासाठी पलंगावर पसरली. ती फुगली नाही. सतरंजीसारखी पडून राहिली, आणि तिच्यावरचे तांदळाएवढे टाके दानूनं लगेच ओळखले.

दानूनं रामहरीला फोन लावून स्पीकरवर ठेवला. आईनं बॅगेला आरपार टाके घातलेत, हे सांगितलं. तो हळू आवाजात म्हणाला, "काकू, ऊब पिसांत नसती, पिसांच्या मधल्या हवेत असती. सरकलेली पिसं झटकली की परत जाग्यावर येत्यात. तुमी ती दाबून टाकली की. टाक्याटाक्यातनं गार वारं शिरंल." जाड बॅग विकली गेली होती, भाड्याच्या सगळ्या बॅगा गटातल्या लोकांनी नेल्या होत्या. एकच उपाय, सगळे टाके उसवायचे आणि भोकं बोटानं चोळून बुजवायची. ते जमलं नाही तर दानूला नेणार नाही, असंही त्यानं स्पष्ट सांगितलं.

फोन ठेवून दानू आईकडं वळली. "खरं सांग अव्वा. मी जाऊच नये असं वाटत होतं ना तुला?"

हेमावतीला खोटं बोलता आलं असतं. "वाटत हुतं," ती म्हणाली. "अजून वाटतंय. पण हे त्यासाठी न्हाय केलं गं."

कात्री घेऊन दानू पलंगाच्या एका कडेला बसली, हेमावती दुसऱ्या कडेला. राजशेखरांनी दुकान न उघडता चष्मा लावला आणि ते पायाशी बसले. आठ दुपारींचे टाके, आणि हातात एकच दिवस. दोरा कापायचा, नखानं ओढायचा, भोक चोळायचं. पिसं उडून राजशेखरांच्या भुवयांवर बसली, पण कुणाला हसू आलं नाही.

तीनच्या सुमाराला हेमावतीच्या लक्षात आलं की आपला हात मंदावलाय. दानूनं चार ओळी काढल्या तोवर तिची एक. बोटं दुखत नव्हती, दोराही अडत नव्हता. असंच चाललं तर रात्रीपर्यंत पुरं होणार नाही आणि पोरगी उद्या घरीच असेल, हे तिच्या मनानं तिला न विचारताच मोजून ठेवलं होतं. तिला स्वतःची भीती वाटली. लाजही वाटली. मान वर न करता ती भराभर दोरे ओढू लागली, नखाखाली रक्त आलं तरी थांबली नाही.

दिवेलागणीला बॅग फुगू लागली. एकेक कप्पा हळूहळू वर आला. हेमावतीनं आत हात घातला, वाट बघितली, आणि ऊब आली. पोरगी गारठायची नाही, म्हणून तिला बरं वाटलं आणि त्याच दमात रडू आलं. आता दानूला थांबवायला तिच्यापाशी काहीच उरलं नव्हतं.

"राहिलाय का गं एखादा?" दानूनं दोऱ्यांचा गुंता गोळा करत विचारलं.

पायाकडच्या टोकाला, शिवणीच्या आत, एक टाका राहिला होता. हेमावतीला तो मघाशीच दिसला होता आणि तिनं त्यावर अंगठा ठेवला होता. तांदळाएवढा तर होता. तेवढ्यानं कुणी गारठत नाही. जन्मापासून ही पोर तिच्या टाक्याखाली झोपत आली होती.

तिनं अंगठा उचलला.

"हाय एक," ती म्हणाली, आणि कात्री मागितली.